सासरे घरातच बिडी ओढतात, बाळाचं वजन कमी भरेल का?

हा प्रश्न आमच्याकडे तपासणीला येणाऱ्या बऱ्याच जणी विचारतात, पण कुणी समोर असलं की विचारत नाहीत. चोपड्याकडच्या एका खेड्यातली ताई (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत), सातवा महिना, सोनोग्राफीत बाळ जरा बारीक सांगितलेलं. सासूबाई केसपेपर काढायला गेल्या तशी पटकन म्हणाली, मॅडम मी कशालाच हात लावत नाही, पण आबा दिवसभर बिडी ओढतात, मे महिन्यात दुपारी बाहेर पाय टाकायची सोय नाही, सगळं घर कूलरच्या एका खोलीत आणि आबांची खाट पण तिथंच. मी सांगू कसं त्यांना?

आधी तिची भीती कमी करणं गरजेचं होतं. बाळ बारीक असायला रक्त कमी असणं, बीपी, जेवण अशी बरीच कारणं असतात, तिचं हिमोग्लोबिन पण कमीच होतं, त्यामुळे सगळा दोष एका बिडीवर टाकून चालत नाही. पण धुराचा वाटा असतो हे खरं. बिडीच्या जळत्या टोकाचा धूर शेजारी बसलेल्या बाईच्या छातीत जातो, त्यातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो, निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, मग गर्भाशयातल्या वारेतून (प्लासेंटातून) बाळाला पोचायचं ते कमी पोचतं. बरेच अभ्यास एकत्र तपासून २००८ साली निघालेला निष्कर्ष असा की स्वतः न ओढता नुसत्या धुरात राहणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी ३३ ग्रॅम किंवा त्याहून जास्त कमी भरतं आणि अडीच किलोच्या आत भरायची शक्यता साधारण २२ टक्क्यांनी वाढते. ३३ ग्रॅम म्हणजे काय एवढं, असं वाटेल, पण जे बाळ आधीच अडीच किलोच्या काठावर आहे त्याला तेवढंही जड जातं.

आणि एक, कूलर लावलाय ना मग धूर जातो, असं घरोघरी समजतात. कूलर हवा गार करतो, धुरातला विषारी वायू गाळत नाही. पंख्याचं पण तेच.

सांगायचं कसं, तर सुनेने सांगूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, ते काम आमचं. सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर सरकू न देणाऱ्या पोरीवर हे ओझं टाकणं मला पटत नाही. पुढच्या तपासणीला आबांनाच सोबत बोलावलं. ते म्हणाले, मी ते खाटवरच बठेल ऱ्हास, तिले कोठे काय करस? मी वाद घातला नाही, नातवंडाच्या वजनाचा तक्ता दाखवला आणि विचारलं, शेवटचे दोन-अडीच महिने बाळ सगळ्यात जास्त वजन धरतं, एवढ्या दिवसात घरात बिडी पेटणार नाही असं जमेल का? बिडी सोडा असं पहिल्याच दिवशी म्हटलं असतं तर ते उठून गेले असते. ओट्यावर बसून ओढतो म्हणाले, पण ओटा दाराला लागून, धूर परत आतच येणार, म्हणून गोठ्यापलीकडच्या निंबाखाली ठरलं. चुलीचा धूर पण तसाच वाईट, कापसाच्या पऱ्हाट्या जाळून स्वयंपाक चालायचा तो सासूबाईंनी गॅसवर घेतला. लोहाच्या गोळ्या रोज सुरू केल्या.

बाळ २ किलो ६०० भरलं. धूर बंद केला म्हणूनच भरलं असं मी म्हणणार नाही, गोळ्या, जेवण, सगळंच त्यात आलं. पण सातव्या महिन्यात कळून काय फायदा, असं ज्यांना वाटतं त्यांनी धीर सोडू नये, धूर थांबला की रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत उतरतो.

बारशानंतर आबांनी विचारलं, आता तरी घरात ओढू का? नाही आबा. तान्ह्या बाळाला या धुराने छातीचे आजार होतात, झोपेत अचानक दगावण्याचा धोका पण वाढतो. मग त्यांना बिडी सोडण्यासाठीचा सरकारी मोफत नंबर लिहून दिला, १८००-११२-३५६, आणि घरातल्या कुणाकडून तरी लावून घ्या असं मी सांगितलं.