जमिनीवरचा ‘चार्ज’ म्हणजे काय?

प्रश्न : शेतीकर्जाच्या मंजुरीपत्रात ‘जमिनीवर चार्ज निर्माण केला जाईल’ असे वाक्य होते. ते कसले तरी शुल्क असावे, असे मी समजलो. मोबाइल चार्ज होतो, नवे साहेब चार्ज घेतात, पोलीस चार्जशीट दाखल करतात आणि लाठीचार्जही करतात. एकाच शब्दाला इतके अर्थ कसे? नेमका अर्थ ओळखावा कसा? — एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : आपल्या पत्रातील ‘चार्ज’ म्हणजे शुल्क नव्हे, तर सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात नोंदवला जातो तो बोजा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 100 मध्ये हा शब्द याच अर्थाने आला आहे. ‘बोजा’ हा आपल्या गावातला जुना शब्द मूळ इंग्रजी शब्दाच्या अगदी जवळचा आहे. लॅटिनमध्ये गाडीला ‘कारुस’ म्हणत. त्यावरून गाडीत माल भरणे या अर्थाचे क्रियापद झाले आणि जुन्या फ्रेंचमधून ते ‘चार्ज’ होऊन इंग्रजीत आले. ‘कार’ आणि ‘कार्गो’ ही त्याचीच भावंडे आहेत.

ओझे लादणे हा मूळ अर्थ धरला की पुढचे बरेचसे उलगडते. ग्राहकावर रकमेचा भार टाकला की ते शुल्क होते, अधिकाऱ्याच्या खांद्यावर कामाचा भार दिला की आपण त्याला कार्यभार म्हणतो. बंदुकीत दारू ठासण्यालाही हेच क्रियापद होते आणि 1740 च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन यांनी लायडन बरणी या काचेच्या जुन्या साधनात वीज साठवण्याला तेच लावले. ‘बॅटरी’ हा शब्दही त्यांनी तोफखान्यातूनच घेतला. मराठी पाठ्यपुस्तकांनी ‘विद्युतप्रभार’ हा प्रतिशब्द स्वीकारला, तो मला फार समर्पक वाटतो, कारण त्यात मूळ कल्पना जशीच्या तशी राहिली आहे. चार्जशीटमधल्या ‘चार्ज’ला आपण ‘आरोप’ म्हणतो; त्या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थही वर चढवणे, ठेवणे असाच आहे. लाठीचार्जमधला ‘चार्ज’ मात्र चाल करून जाण्याच्या लष्करी अर्थाचा आहे.

अर्थ ओळखताना शेजारचे शब्द पाहावेत. ‘चार्ज’नंतर ‘फॉर’ आणि वस्तू किंवा सेवा असेल तर शुल्क, ‘विथ’ आणि गुन्हा असेल तर आरोप, ‘ऑन’ आणि मालमत्ता असेल तर बोजा, असे बहुधा समजावे. ‘इन चार्ज ऑफ’ म्हणजे सांभाळणारा, पण त्यात ‘द’ आला की अर्थ उलटतो : ‘द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स’ या वाक्यात मूल परिचारिकेच्या ताब्यात आहे.

बातम्यांमध्ये एक गल्लत वारंवार होते आणि ती किरकोळ नाही. चार्जशीट पोलीस दाखल करतात, पण दोषारोप निश्चित करते ते न्यायालय. चार्जशीट दाखल झाली एवढ्यावरून न्यायालयाने आरोप निश्चित केला असे लिहिणे चुकीचे आहे, आणि त्यात एखाद्या माणसाची अब्रू पणाला लागलेली असते.

आपल्या जमिनीपुरते सांगायचे तर, कर्ज फिटल्यावर हा ‘चार्ज’ सातबाऱ्यावरून आपोआप गेला असेल असे गृहीत धरू नये. बँकेकडून कर्ज फिटल्याचा दाखला घेऊन तलाठी कार्यालयात बोजा कमी करण्यासाठी अर्ज द्यावा आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून तो रकाना स्वतः वाचून पाहावा.