पावसात मिळणारी मोठी रानअळंबी आणि बारीक बटणाएवढी अळंबी एकच का?

नाही. दोन्ही वारुळाचीच, पण जाती वेगळ्या. मुंबईच्या आसपास पावसाळ्यात मोठी दिसते ती बहुधा टर्मिटोमायसेस हायमाय, बारीक ती मायक्रोकार्पस.

मोठी उपटून बघा: पांढरा दांडा, त्यावर जाडसर कडं, आणि खाली मुळासारखं लांब शेपूट. ते थेट जमिनीतल्या वाळवीच्या बुरशी-पोळ्यापर्यंत, म्हणजे वाळवी ज्यावर ही बुरशी वाढवते त्या पोळ्यापर्यंत, पोचतं. बारकीला हे शेपूट नसतं. वाळवी पोळ्याचे तुकडे वर आणून टाकते आणि त्यांवर शेकडो छत्र्या एकदम उगवतात.

म्हणूनच मला मोठीची काळजी जास्त वाटते. शेपटासकट काढायला लोक वारूळ खणतात, पोळंच मोडतं, आणि मग पुढच्या वर्षी तिथे अळंबी येणार कुठून? दांडा जमिनीलगत कापून घ्या. बांधकामाखाली वारूळ गेलं तर मात्र दोन्ही जाती जातात. वाळवीशिवाय यांची शेती अजून कोणाला व्यावसायिक पातळीवर जमलेली नाही.

सोसायटीच्या हिरवळीवरची मोठी पांढरी छत्री मात्र तोडू नका. टोपीखालचे पडदे हिरवट होत असतील तर ती विषारी क्लोरोफायलम असू शकते. कोवळी असताना तेही पांढरेच दिसतात.