वजन कमी करण्याचं इंजेक्शन बंद केल्यावर उतरलेलं वजन कसं टिकवायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: सेमाग्लुटाइडच्या आठवड्याच्या इंजेक्शनवर १४ महिन्यांत वजन ९६ किलोवरून ७९ वर आलं, आता औषध बंद करायचं ठरतंय, तर वजन परत येईल का आणि ते येऊ नये म्हणून काय करायचं?

पहिल्या भागाचं उत्तर कटू आहे, पण ते आधी ऐकलेलं बरं. काहीच तयारी न करता औषध थांबवलं तर बहुतेकांचं बरंचसं वजन परत येतं. स्टेप-१ या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्या ज्या लोकांवर पुढेही लक्ष ठेवलं गेलं, त्यांचं ६८ आठवड्यांत सरासरी १७.३ टक्के वजन उतरलं होतं. औषध थांबल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. तुमच्या १७ किलोंना हा हिशोब लावला तर साधारण ११ किलो होतात. टिर्झेपटाइड या अशाच दुसऱ्या इंजेक्शनच्या सरमाउंट-४ चाचणीत ३६ आठवड्यांनी काहींना नकळत नुसतं प्लासिबोचं, म्हणजे औषध नसलेलं, इंजेक्शन सुरू केलं, आणि पुढच्या ५२ आठवड्यांत त्यांचं वजन १४ टक्के वाढलं. तरीही त्यांच्यातल्या १६.६ टक्के लोकांनी, म्हणजे साधारण सहातल्या एकाने, उतरलेल्या वजनाचा किमान ८० टक्के भाग राखला. म्हणजे हे अशक्य नाही, पण आपोआप होणारंही नाही.

यात तुमच्या मनोबलाचा दोष काढू नका. वजन उतरलं की शरीर दोन बाजूंनी ओढ लावतं. संशोधक केविन हॉल यांच्या गटाच्या हिशोबाने, उतरलेल्या प्रत्येक किलोमागे रोजचा ऊर्जाखर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो आणि भूक मात्र रोज जवळजवळ १०० कॅलरींनी वाढते. तुमचे १७ किलो धरले तर नुसता खर्चच रोज ३४० ते ५१० कॅलरींनी कमी झालेला आहे. भुकेची संप्रेरकंही लवकर पूर्वपदावर येत नाहीत. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं की आहाराने वजन उतरवल्यानंतर एक वर्ष उलटलं तरी भूक वाढवणारं घ्रेलिन चढलेलंच होतं. औषध हीच भूक दाबून ठेवत होतं. ते काढलं की खरी भूक पुढे येते.

ती कधी पुढे येते हे नीट समजून घ्या, कारण सगळ्यात मोठी फसगत इथे होते. सेमाग्लुटाइडचं अर्धायुष्य साधारण ७ दिवसांचं आहे. शेवटच्या इंजेक्शननंतर पातळी आठवड्याने निम्मी होते, दोन आठवड्यांनी पाव, चार आठवड्यांनी सोळावा हिस्सा. त्यामुळे पहिले दोन-तीन आठवडे फारसं काही जाणवत नाही आणि माणूस म्हणतो, 'मला औषधाची गरजच नव्हती.' मग चौथ्या-सहाव्या आठवड्यात दोन जेवणांच्या मध्ये पोट कुरकुरायला लागतं, आणि जेवण झाल्यावरही 'अजून काहीतरी हवं' हा विचार डोक्यातून जात नाही. टिर्झेपटाइडचं अर्धायुष्य सुमारे ५ दिवसांचं आहे. रोज घ्यायच्या लिराग्लुटाइडचं जेमतेम १३ तासांचं, म्हणून ते बंद केलं की दोन-तीन दिवसांतच फरक कळतो. थोडक्यात, तुमची परीक्षा शेवटच्या डोसच्या दिवशी सुरू होत नाही, महिनाभराने होते. त्या महिन्यात प्रवास, नोकरीतला बदल, सिगारेट सोडणं असलं काही येत असेल तर तारीख पुढे ढकलायला सांगा.

माझं ठाम मत आहे की वजन टिकवायचं काम औषध बंद होण्याच्या किमान १२ आठवडे आधी सुरू व्हायला हवं. भूक दबलेली असताना सवय लावणं सोपं जातं, भूक उसळल्यावर तीच सवय लावणं फार जड जातं. डॉक्टर तयार असतील तर याच काळात डोस पायरीपायरीने उतरवता येतो: २.४ मिग्रॅवरून १.७, मग १, मग ०.५, प्रत्येक पायरीवर किमान चार आठवडे. डोस हळू उतरवण्याची खरी गरज अंगाला नसते, कारण हे औषध स्वतःच सावकाश उतरतं. फायदा असा की प्रत्येक पायरीवर भूक थोडी वाढते आणि तुमची व्यवस्था तिला पुरते का हे दिसतं. एखाद्या पायरीवर वजन स्थिर राहतंय आणि खाली गेलं की वाढतंय असं दिसलं, तर त्याच कमी डोसवर राहायचं का हे डॉक्टरांना विचारा. मनाने इंजेक्शनचं पेन अर्धं-अर्धं वापरणं किंवा दोन इंजेक्शनांतलं अंतर स्वतःच वाढवणं मात्र नको.

आता खाण्याबद्दल. औषधावर असताना 'पोट भरलं की थांबायचं' एवढाच नियम पुरत होता. औषध गेलं की पोट भरल्याची खूण उशिरा येते आणि ती अंधुकही असते, तिच्यावर विसंबून चालत नाही. म्हणून शेवटच्या डोसनंतरचे पहिले १२ आठवडे वाढण्याचं प्रमाण आधीच ठरवा आणि मोजून घ्या. सगळंच तोलायची गरज नाही. तेल-तूप-लोणी, सुकामेवा, कोरडं धान्य आणि गोड पेयं, एवढ्यांवर नजर ठेवली तरी पुष्कळ झालं. एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली तेल सुमारे १२० कॅलरींचं असतं. ३० ग्रॅम बदाम-शेंगदाण्यांत १७० ते १८० कॅलरी असतात, आणि मूठ जरा मोठी झाली की हा आकडा सहज दुप्पट होतो. भाजीपाल्याने कुणाचं वजन परत आलेलं नाही, तो मोजत बसू नका.

प्रथिनं शरीराच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम धरा. ७९ किलोंना दिवसाचे साधारण ९५ ते ११८ ग्रॅम होतात. हे एका जेवणात होत नाही. तीन जेवणांत प्रत्येकी ३० ग्रॅम आणि मधल्या खाण्यात १०-१५ ग्रॅम अशी वाटणी करा. अंदाजासाठी: एका अंड्यात ६ ते ७ ग्रॅम, शिजवलेल्या १०० ग्रॅम कोंबडीच्या छातीच्या मांसात सुमारे ३०, शिजवलेल्या कडधान्याच्या भरल्या कपात साधारण १५. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे आकडे तुमच्यासाठी नाहीत, तिथे डॉक्टर सांगतील तेवढंच. सोबत तंतुमय पदार्थ दिवसाला २५ ते ३० ग्रॅम. जेवताना प्रथिनं आणि भाजी आधी संपवा, पिष्टमय पदार्थ शेवटी घ्या.

सकाळचं खाणं टाळायची सवय लागली असेल तर ती आताच मोडा. औषधावर असताना भूकच नसायची, म्हणून सकाळ कोरडी गेली तरी चालून जायचं. औषध बंद झाल्यावर तीच कोरडी सकाळ संध्याकाळी सहानंतर वसूल होते, आणि ती वसुली बहुधा बिस्किटं नि तळलेल्या पदार्थांनी होते. काटा वर सरकताच घाबरून एकदम १००० कॅलरींवर उतरणाऱ्यांचंही असंच होतं: चार दिवस कडक, पाचव्या दिवशी बांध फुटतो.

व्यायामाबद्दल जरा विस्ताराने सांगतो, कारण पुराव्याच्या दृष्टीने सगळ्यात आशादायक जागा हीच आहे. डेन्मार्कमध्ये एस-लाइट नावाची चाचणी झाली. त्यात आधी कमी कॅलरींच्या आहाराने वजन उतरवलं, मग वर्षभर काहींना लिराग्लुटाइड, काहींना देखरेखीखाली व्यायाम आणि काहींना दोन्ही दिलं. सगळं थांबवून आणखी एक वर्ष गेल्यावर पाहिलं, तेव्हा नुसत्या औषधावर असलेल्यांचं वजन जास्त परत आलं होतं, आणि औषधाच्या काळात व्यायामही केलेल्यांनी ते जास्त चांगलं राखलं होतं. म्हणूनच मी आधी १२ आठवड्यांची गोष्ट काढली.

दोन प्रकारचा व्यायाम हवा आणि एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही. उतरलेल्या वजनात पाव ते ४० टक्क्यांपर्यंत भाग स्नायूंसकट चरबीविरहित वस्तुमानाचा असू शकतो. नंतर वजन परत येतं तेव्हा चरबी सहज येते, स्नायू मात्र मेहनतीशिवाय येत नाहीत. त्यामुळे आठवड्यातून दोन ते तीन दिवस ताकदीचा व्यायाम करा: खुर्चीवरून उठबस किंवा स्क्वॉट, भिंतीवर अथवा जमिनीवर पुश-अप, रबरी पट्टा किंवा डंबेल मागे ओढणं, कमरेतून वाकून वजन उचलणं, खांद्यावरून वर ढकलणं. प्रत्येकाचे २-३ सेट, सेटमध्ये ८ ते १२ वेळा. शेवटच्या दोन वेळा खरोखर जड गेल्या पाहिजेत. सगळ्या सेटमध्ये १२ सहज जमायला लागले की वजन ५ ते १० टक्के वाढवा. सहा महिने तेच दोन किलोंचे डंबेल हलवत राहणं हा नेहमीचा घोळ आहे, त्याने स्नायूंना वाढायचं कारणच मिळत नाही.

दुसरं चालणं, सायकल, पोहणं, जे जमेल ते. आरोग्यासाठी आठवड्याला १५० मिनिटं सांगतात, पण उतरलेलं वजन राखायला ती बहुतेकांना कमी पडतात. लक्ष्य २५० ते ३०० मिनिटांचं ठेवा, म्हणजे रोजची सुमारे ४० मिनिटं. अमेरिकेत १९९४ पासून वजन टिकवणाऱ्यांची एक राष्ट्रीय नोंदवही आहे. किमान १३.६ किलो उतरवून वर्षभर तरी राखलेले लोकच तिच्यात येतात. त्यांच्यातले बहुसंख्य रोज तासाभराच्या आसपास हालचाल करतात, सकाळी खातात आणि आठवड्यातून एकदा तरी वजन करतात.

वजनकाट्याची भीती बाळगू नका, पण तो नीट वापरा. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि ७ दिवसांची सरासरी लिहून ठेवा. एका दिवसाच्या आकड्यावर हसू-रडू नका. पाळी येणाऱ्यांनी मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी तुलना करावी. औषध बंद झाल्यावर पहिला एक ते दीड किलो बहुतेकदा चरबीचा नसतो. पोटात अन्न जास्त असतं आणि स्नायू-यकृतात ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर, पुन्हा भरतं, त्याच्या दर ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी साठतं. त्यामुळे तुमच्या बाबतीत ७९ हा पाया धरून ८०.५ पर्यंत हिरवा पट्टा. सरासरी ८०.५ ते ८२ मध्ये गेली तर पिवळा: दोन आठवडे पुन्हा सगळं मोजून खाणं, गोड पेयं आणि दारू बंद, चालणं रोज १५ मिनिटांनी जास्त. ८२ च्या वर दोन आठवडे राहिली तर लाल, आणि लालमध्ये 'अजून महिनाभर बघू' म्हणायचं नाही, डॉक्टरांना भेटायचं. तीन किलो परत उतरवणं आवाक्यातलं असतं, दहा किलो झाल्यावर माणूस लाजून दवाखान्यात जायचंच टाळतो. हे फार जणांचं होतं आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

झोप सात तासांच्या खाली गेली की दुसऱ्या दिवशीची भूक वाढते, तेवढंच लक्षात ठेवा.

औषध बंद करण्याआधी डॉक्टरांशी या गोष्टी नक्की बोला. मधुमेह असेल तर या इंजेक्शनमुळे साखरही आटोक्यात होती, ती चढेल. आधी कमी केलेल्या गोळ्या किंवा इन्सुलिन पुन्हा ठरवावं लागेल, आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर, तपासायला हवं. मधुमेह असताना निव्वळ 'वजन उतरलं' म्हणून हे औषध थांबवणं मला पटत नाही. वजन उतरल्यावर रक्तदाबाची गोळी कमी केली असेल तर घरी दाब मोजत राहा. तुमच्या इतर औषधांत वजन वाढवणारं काही आहे का हेही विचारा: ओलान्झापिन, मिर्टाझापिन, अॅमिट्रिप्टिलिन, व्हॅल्प्रोएट, स्टेरॉइड, काही बीटा-ब्लॉकर यांना पर्याय असू शकतो, पण त्यातलं एकही स्वतःहून बंद करू नका. आणि कुणी गरोदरपणाच्या विचाराने औषध थांबवत असेल, तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं.

शेवटचं एक अत्यंत महत्त्वाचं. वजन वाढायला लागलं म्हणून फ्रिजमध्ये उरलेलं २.४ मिग्रॅचं पेन काढून टोचू नका. काही आठवड्यांच्या खंडानंतर शरीराची सवय गेलेली असते. मग थेट मोठा डोस घेतला तर अखंड उलट्या, अंगातलं पाणी कमी होणं आणि त्यातून मूत्रपिंडांना इजा इथपर्यंत जाऊ शकतं. खंडानंतर डॉक्टर बहुधा पुन्हा ०.२५ मिग्रॅपासूनच सुरुवात करतात आणि चार-चार आठवड्यांनी वर नेतात. पुन्हा औषध सुरू करावं लागणं म्हणजे हरणं नाही. रक्तदाबाची गोळी बंद करून दाब चढला तर आपण ती परत घेतोच. त्यामुळे बंद करायच्या भेटीतच डॉक्टरांना विचारून ठेवा की सरासरी ८२ च्या वर गेली तर पुढची पायरी कोणती, तेच औषध कमी डोसमध्ये की दुसरं काही, आणि ते उत्तर तुमच्या वजनाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.