सी शिकायला टर्बो सीच टाकावं लागतं का? विंडोजवर कंपायलर बसवून पहिला प्रोग्राम कसा चालवायचा?

टर्बो सी टाकू नका. 'परीक्षेला तेच आहे' असं तुमचे सर म्हणतात, हे तुम्ही प्रश्नात लिहिलंय. आमचेही हेच म्हणायचे, म्हणून तर लिहायला बसलो.

बोरलँड कंपनीचा हा कंपायलर (म्हणजे आपण लिहिलेलं मशीनला चालवता येईल असं करून देणारा प्रोग्राम) विंडोजच्या आधीच्या डॉसच्या जमान्यातला. सी++ चं पहिलं आयएसओ स्टँडर्ड १९९८ साली आलं, आणि लॅबमधली ती निळी खिडकी त्याच्याही आधीची. ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचे प्रोग्राम चालतच नाहीत. मग आधी डॉसबॉक्स, म्हणजे डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम, टाका, त्यात टर्बो टाका, माऊस आत अडकला की सोडवत बसा. पोरं सी शिकायच्या आधी हेच शिकतात.

मी लातूर जिल्ह्यातला, घरी सोयाबीन. 'हॅलो वर्ल्ड' झाल्यावर वाटलं, आपण आडत्याची पट्टी करू: क्विंटल गुणिले भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा. १२ क्विंटल माल, भाव ३८००, दोन्ही इंटमध्ये, म्हणजे सी मधल्या पूर्णांकाच्या डब्यात. कंट्रोल-एफ९ दाबलं, तर एकूण रक्कम आली उणे १९९३६. हमाली तर अजून कापलीच नव्हती! सरांना बोलावलं. त्यांनी स्क्रीनकडं बघितलं आणि म्हणाले, "आकडे लहान घे की. एवढं सोयाबीन कशाला विकायलास?" वर्ग हसला. ५ क्विंटल टाकले, १९००० आले, जर्नलवर सही झाली. घरी सांगितलं तर वडील म्हणाले, "म्हंजे आपणच आडत्याला पैसे द्यायचे का?"

भानगड साधी होती. टर्बोचा इंट दोन बाइटचा, त्यात जास्तीत जास्त ३२७६७ मावतात. ४५६०० त्याच्या पुढं गेले, त्यातून ६५५३६ वजा झाले आणि उणे आकडा बाहेर पडला. लॅबच्या कोपऱ्यातल्या एका मशीनवर उबंटू, म्हणजे लिनक्स, होतं. हेडर काढून तीच फाइल तिथं जीसीसी नावाच्या फुकटातल्या कंपायलरनं कंपाइल केली, ४५६०० आले. सरांना दाखवलं, तर म्हणाले, "ते लिनक्सचं वेगळं असतं." अहो, लिनक्सचा काय संबंध? जीसीसी इंट चार बाइटचा धरतो, दोनशे चौदा कोटींच्या वर मावतात. विंडोजवरही तेच उत्तर येतं, तुम्ही करून बघा. त्यांनी कधी केलं नाही.

हेडर म्हणजे कोनियो.एच. ते, स्क्रीन पुसणारं क्लियरस्क्रीन, कळ दाबेपर्यंत थांबवणारं गेटच हे सगळं बोरलँडच्या घरचं, सी भाषेचं नाही. व्हॉइड मेनचंही तसंच. इंट मेन लिहा.

आता बसवायचं. विंडोजवर एमएसवायएस२ घ्या, त्यातून जीसीसी विंडोजवर बसवता येतो. त्यांच्या साइटच्या पहिल्याच पानावर जीसीसी टाकायची कमांड आहे, ती कॉपी करून त्यांच्याच काळ्या खिडकीत चिकटवा. मग सी ड्राइव्हवरच्या एमएसवायएस६४ मध्ये यूसीआरटी६४, त्यात बिन, हा पत्ता पाथमध्ये (विंडोज प्रोग्राम कुठं शोधतं त्या यादीत) घाला. निम्मी पोरं इथंच अडकतात: पाथ बदलल्यावर आधीची कमांड प्रॉम्प्ट बंद करून नवीन उघडावी लागते. तिथं जीसीसी, मग दोन डॅश आणि व्हर्जन टाका. आकडा दिसला की झालं. उबंटू असेल तर बिल्ड-इसेन्शियल नावाचं एकच पॅकेज पुरतं.

नोटपॅडमध्ये लिहिणार असाल तर सेव्ह करताना 'ऑल फाइल्स' निवडा, नाहीतर पट्टी.सी.टीएक्सटी होते आणि कंपायलर फाइलच नाही म्हणतो. मग जीसीसी पट्टी.सी -ओ पट्टी -वॉल. (इथं देवनागरीत लिहिलंय, टाइप इंग्रजी अक्षरांतच करा.) वॉल सोडू नका, तो संशयास्पद जागी इशारे देतो, फुकटातला मास्तर आहे आणि वर्गाला हसवत नाही. तयार झालेल्या फाइलवर डबल क्लिक करू नका, खिडकी उघडते आणि लगेच मिटते. प्रॉम्प्टवरच नाव टाकून चालवा. गेटच शिकवतात ते ह्या मिटणाऱ्या खिडकीपायीच. व्हीएस कोड हा एडिटर आहे, तो टाकला म्हणून कंपायलर येत नाही.

हां, एक खरं. टर्बोतही इंटऐवजी लाँग, म्हणजे मोठा डबा, घेतलं असतं तर हिशेब बरोबर आला असता. आणि स्टँडर्डप्रमाणे इंट १६ बिटचा, म्हणजे दोन बाइटचा, असला तरी चालतो, त्यामुळं टर्बोनं तिथं नियम मोडला असं म्हणता येत नाही. पण पोरगं उणे १९९३६ घेऊन समोर उभं असताना हे सांगायचं कुणी?

प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक टर्बोवरच बसवणार असतील तर तेवढ्यापुरतं क्लियरस्क्रीन लिहा, मार्क घ्या. घरच्या लॅपटॉपवर मात्र जीसीसी.