बी.कॉम. करणारी लेक पत्रकार व्हायचं म्हणते

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सी.ए.ची तयारी सोडून तिला घोटाळे बाहेर काढणारी पत्रकार व्हायचंय. तुम्ही लिहिता, "खरं लिहिलं तर जगू देत नाहीत, खोटं लिहायला आम्ही तिला शिकवलं नाही." ही काळजी रास्त आहे. पण 'तीन वर्षांचं शिक्षण वाया जाईल' हे मला अजिबात पटलं नाही.

घोटाळा कागदात सापडतो, भाऊ. आपल्याच नागपूर जिल्ह्याचं बघा. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे दीडशे कोटींच्या आसपास रुपये सरकारी रोख्यांच्या (म्हणजे सरकारने घेतलेल्या कर्जाच्या कागदांच्या) खरेदीसाठी खासगी दलालांकडे गेले आणि रोखे काही बँकेला मिळाले नाहीत. प्रकरण 2002 चं, निकाल लागला डिसेंबर 2023 मध्ये. माजी अध्यक्षांना 5 वर्षांची शिक्षा झाली, आमदारकी गेली. पैसा शेतकऱ्यांचा होता. अशा बातमीमागे 21 वर्षं राहायचं, तर रोखा म्हणजे काय, ताळेबंदात तो कुठे दिसायला हवा, हे कळावं लागतं. तुमच्या लेकीला ते आजच कळतं.

भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणाचंही तसंच. मूळ खर्च 372 कोटी, तो 18 हजार कोटींच्या वर गेला. अशा वाढीव खर्चाच्या मंजुरीला सिंचन खात्यात 'सुप्रमा' म्हणतात, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. या वाढीत महागाई आहे, भूसंपादन आहे, पुनर्वसन आहे. निविदांमधल्या गैरव्यवहाराचे आरोपही आहेत, ज्यांची लाचलुचपत प्रतिबंधक विभागामार्फत चौकशी झाली. सगळ्या आकड्याला घोटाळा म्हणून मोकळं होणं सोपं. कोणता रुपया कशात गेला ते वेगळं काढणारे फार थोडे आहेत, आणि त्यांचीच गरज आहे.

आता भीतीचं. बदनामीचा खटला फौजदारीही होऊ शकतो, त्यात 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून प्रत्येक वाक्याला कागद हवा आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याची बाजू छापण्याआधी विचारलेली हवी. माझ्याकडे आलेला एक मुलगा फक्त हे दुसरं विसरला आणि वर्षभर कोर्टाच्या चकरा मारत राहिला. शिवाय सरकारी जाहिरातींवर चालणारी वृत्तपत्रं कधी कधी बातमी दाबतात, पैसे घेऊन बातम्या छापणारेही आहेत. हे तिला आधीच सांगा. सुरुवातीचा पगारही बेताचाच असतो.

शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठात जनसंवाद विभाग आहे, अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे. सी.ए. लगेच सोडू नका म्हणावं, निदान एका लेखापरीक्षकाच्या हाताखाली वर्षभर काम करू द्या.

त्याआधी एक काम. तुमच्या घरासमोरचा रस्ता गेल्या वर्षी झाला आणि उखडला, असं तुम्हीच लिहिलंय. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून महापालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज तिनेच करावा: कार्यादेश (कंत्राटदाराला काम सुरू करायचा आदेश), मोजमाप पुस्तिकेची (प्रत्यक्ष किती काम झालं त्या नोंदींची) प्रत, दोषदायित्व कालावधी (काम बिघडलं तर कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) किती. 30 दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही तर पहिलं अपील करायचं. ते कागद घेऊन तुम्ही दोघं माझ्याकडे या, आपण तिघं बसून वाचू.