डीएमएसचा टास्क सुरू करण्याआधी हे तपासा

मायएसक्यूएल डेटाबेस एडब्ल्यूएसच्या आरडीएसवर (ॲमेझॉनच्या क्लाउडमधली डेटाबेस सेवा) न्यायचा असेल, तर डीएमएसमधल्या (डेटाबेस हलवणारी एडब्ल्यूएसची सेवा; तिथलं प्रत्येक काम म्हणजे 'टास्क') डिफॉल्ट सेटिंग्जवर डोळे झाकून विसंबू नका. लोक फसतात ते 'लिमिटेड लॉब मोड'मध्ये (लॉब म्हणजे मोठा मजकूर किंवा फाइल साठवणारे कॉलम). तिथे कमाल मर्यादा मुळात 32 केबी असते. लाँगटेक्स्ट किंवा लाँगब्लॉबसारख्या कॉलममधला मजकूर त्याहून मोठा असला की तो कापला जातो. टास्क थांबत नाही, ओळींची संख्याही जुळते, आणि आपण निर्धास्त राहतो! त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये 3 बाइट खातं. काना-मात्राही वेगळे मोजले जातात. म्हणजे जेमतेम 10,900 चिन्हांत मर्यादा संपली. आधी सोर्सवर मॅक्स आणि लेंग्थ वापरून सर्वांत मोठी नोंद बाइटमध्ये मोजा (कॅरेक्टर लेंग्थ नको, ते अक्षरं मोजतं) आणि मर्यादा त्याहून थोडी वर ठेवा. कितीही मोठा मजकूर न कापता नेणारा 'फुल लॉब' मोड सुरक्षित, पण फार संथ.

टार्गेटवर स्कीमा (टेबलांचा आराखडा) स्वतः बनवा आणि टेबलांच्या तयारीसाठी 'डू नथिंग' हा पर्याय निवडा. 'ड्रॉप टेबल्स' ठेवलंत तर डीएमएस टेबलं आणि प्रायमरी की बनवून देतं; सेकंडरी इंडेक्स, फॉरेन की (एका टेबलाला दुसऱ्याशी जोडणारी), ऑटो इन्क्रिमेंट गायब. फुल लोडपुरते (आधीचा सगळा डेटा भरला जाईपर्यंत) फॉरेन की चेक बंद ठेवा, कारण टेबलं समांतर भरली जातात, मूळ टेबलाआधी पोटटेबल येऊ शकतं.

चालू बदलही न्यायचे असतील तर सोर्सवरच्या बायनरी लॉगचा (डेटातल्या बदलांची नोंद) फॉरमॅट 'रो', रो इमेज 'फुल' हवी. लॉग निदान 24 तास टिकू द्या. व्हॅलिडेशन (सोर्स आणि टार्गेटचा डेटा ताडून पाहणं) चालू करा. प्रायमरी की किंवा युनिक इंडेक्स नसलेली टेबलं मात्र हातानेच पडताळावी लागतील.