गुडघा कधी बदलायचा?
वहिनी, एक्स-रे बघून घाबरू नका. माझं हाडावर हाड घासत होतं, तरी दोन वर्षं इथे साताऱ्यात टेकडीवरच्या ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत चढत होते. मग रात्री कूस बदलताना कळ यायला लागली, राजवाडा भागातून भाजी आणताना दोनदा टेकावं लागायचं. तेव्हा ठरवलं.

मांडीचा व्यायाम मात्र आजच सुरू करा: खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा मोजायचे. ऑपरेशननंतरही तोच कामाला येतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा (मी सहा महिने उलटीच धरली!). नवा सांधा साधारण 15-20 वर्षं टिकतो, म्हणून घाई नको. पण पाय वाकडा होऊन गुडघा सरळच होईना, इतकंही थांबू नका. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर सर्जनना आधी सांगा, बहुतेक तीन महिने थांबायला लावतात.